भोसरीत नवं ड्रॉइंग येत नाही

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला एका वेळचा टोल ३२० रुपये. राज्य सरकारच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने विजेच्या मोटारीला तो पूर्ण माफ केला. समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवरही तीच सवलत. दर आठवड्याला मुंबईला जाऊन परतणाऱ्या माणसाचे यात वर्षाला तेहतीस हजारांच्या वर वाचतात. शिवाय मोटार वाहन कर माफ, नोंदणी शुल्क माफ आणि जीएसटी फक्त ५ टक्के. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांपेक्षा महाग विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तीस लाखांची गाडी घेणारा माणूस एक लाख ऐंशी हजारांसाठी अडून बसेल आणि हवामानाचं सगळं गणित कोसळेल, अशी बहुधा कुणाला तरी काळजी वाटली असावी.

आता त्याच रस्त्याने किवळ्याला बाहेर पडा, निगडी, आकुर्डी, चिंचवड मागे टाका आणि भोसरीच्या एमआयडीसीत या. तिथे माझ्या एका मित्राचा गाळा आहे. सहा सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन, त्यातली दोन कर्जावर, चौदा माणसं, वर्षाची उलाढाल अडीच कोटींच्या आसपास. तो इंजिनाचे बारीकसारीक पार्ट करतो: व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट, पिना, बुश. मोटार कंपनीशी त्याचा थेट संबंध नाही. कंपनीला माल देणाऱ्या व्हेंडरला जो माल देतो, त्याला हा देतो. साखळीच्या त्या टोकाला कंपनीचं नाव फक्त ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दिसतं.

गेल्या दिवाळीच्या आधी एका गुरुवारी त्याच्याकडे गेलो होतो. गुरुवारी तिथे वीज नसते म्हणून आठवड्याची सुट्टी गुरुवारी, आणि म्हणून निवांत बोलायचं ते गुरुवारीच. मशीन बंद, कूलंटचा आंबूस वास, कोपऱ्यात बरीचं, म्हणजे धातूच्या किसाचं, पोतं. मी विचारलं, "या इलेक्ट्रिकमुळे काम कमी झालं का?" तो म्हणाला, "काम आहे रे. उलट पोरं ओव्हरटाइम करतायत. पण सगळं जुनंच. दीड वर्ष झालं, नवं ड्रॉइंग आलेलं नाही."

या एका वाक्यात मला वाहन उद्योगाच्या विद्युतीकरणाबद्दल जितकं कळलं, तितकं परिसंवादांतून कळलं नव्हतं.

ड्रॉइंग म्हणजे नव्या पार्टचा नकाशा. तो आला की लहान कारखानदार दर काढतो, फिक्श्चर (पार्ट मशीनवर पकडून ठेवायची चौकट) बनवतो, सॅम्पल पाठवतो, दोन-तीनदा नापास होतो आणि पास झाला की मग पुढची सात-आठ वर्षं त्या पार्टचं शेड्यूल, म्हणजे किती नग कधी हवेत त्याची यादी, दर महिन्याला येत राहतं. गाळ्याचं आयुष्य या वेळापत्रकावर चालतं. जुना पार्ट संपायच्या आधी नवा लागलेला असावा लागतो. मोटार कंपनीने आज नव्या इंजिनावर पैसे घालायचे नाहीत असं ठरवलं, तर ते रस्त्यावर दिसायला पाच-सात वर्षं लागतात, शेअर बाजारात कळायला वर्षभर पुरतं, आणि भोसरीत मात्र ते त्याच तिमाहीत कळतं. आवाज न करता कळतं. कुणी पत्र पाठवत नाही, ऑर्डर रद्द होत नाही, फक्त नवं काही येत नाही.

म्हणूनच "एवढी घाई कशाला, अजून शंभरात चार मोटारीसुद्धा विजेच्या धड नाहीत" हा युक्तिवाद मला फसवा वाटतो. आकडा चुकीचा नाही. २०२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या मोटारींत विजेच्या मोटारींचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपासच होतं. दुचाकीत ते थोडं जास्त, आणि तीनचाकीत तर निम्म्याहून अधिक विक्री आता विजेच्या रिक्षांची. पण विक्रीचा आकडा हा मागे पाहायचा आरसा आहे. मशीनचं कर्ज पाच ते सात वर्षांचं असतं. आज कर्ज काढणारा माणूस २०३२ ची पैज लावत असतो, आणि राज्याच्याच धोरणात २०३० पर्यंत नव्या नोंदणीत ३० टक्के वाहनं विजेची हवीत असं लिहिलेलं आहे. सरकार म्हणतंय त्यावर विश्वास ठेवायचा, तर त्याने नवं मशीन घेऊच नये. आणि मशीन न घेणारा गाळा दोन वर्षांत मागे पडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. विजेची गाडी यावी, लवकर यावी. पण या बदलासाठी जो सार्वजनिक पैसा खर्च होतोय, त्याचा पत्ता चुकला आहे. तो गाडी घेणाऱ्याकडे जातो आणि गाडी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे जातो. ज्याचं काम बदलणार आहे, त्याच्यापर्यंत तो पोचायची वाटच आखलेली नाही.

केंद्र सरकारची वाहन उद्योगासाठीची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना घ्या. २०२१ साली जाहीर झाली, २५,९३८ कोटी रुपयांची. तिच्यात भाग घ्यायचा तर मोटार कंपनीच्या उद्योगसमूहाची उलाढाल किमान १०,००० कोटी हवी. सुटे भाग बनवणाऱ्याची ५०० कोटी, आणि वर १५० कोटींची स्थिर मालमत्ता. माझ्या मित्राची दोनशे वर्षांची उलाढाल एकत्र धरली, तर तो उलाढालीच्या अटीत बसेल. योजनेचा हेतू मोठे कारखाने भारतात उभे राहावेत हा होता, आणि त्या हेतूत गैर काही नाही. गाडीत निम्मं मूल्य देशात तयार झालेलं असलं पाहिजे, अशी अटही आहे, चांगली आहे. पण ते निम्मं मूल्य कुणी तयार केलं, हे ती अट विचारत नाही. एकाच मोठ्या छताखाली रोबो लावून झालं तरी चालतं. आणि होतंही तसंच, कारण पैसा त्याच छतासाठी मिळतो.

ग्राहकाच्या बाजूलाही तेच. विजेच्या गाड्यांच्या खरेदीला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजना पाहा: फेम योजनेचा दुसरा टप्पा १०,००० कोटींचा, २०२४ ची पीएम ई-ड्राइव्ह १०,९०० कोटींची. दुचाकी, रिक्षा, बस यांच्यासाठीचा हा खर्च मला पटतो. पुण्यातली पीएमपीची विजेवरची बस शेजारून जाते तेव्हा नाक दाबावं लागत नाही, एवढ्यासाठीसुद्धा पटतो. राज्याच्या धोरणात १,९९३ कोटींची तरतूद आहे. संशोधन आणि कौशल्य हे शब्द त्यातही आहेत. पण सवलतींची यादी वाचली की भर कुणावर आहे ते लपत नाही. गाडी विकत घेणारा हा मतदार आहे, तो मोजता येतो, त्याच्या सवलतीची बातमी होते. व्हॉल्व्ह गाइड करणाऱ्याची कसली बातमी होणार?

आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे की तंत्रज्ञान बदललं की माणसं आपोआप नव्या कामात सरकतात. आकुर्डीने हे एकदा पाहिलेलं आहे. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर आली आणि पुढची पंचवीस वर्षं तिने आकुर्डीच्या आसपासचा पट्टा पोसला. बीड, लातूर, सोलापूर, पारनेरकडून आलेली पोरं आयटीआय करून टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये), बजाजमध्ये, बजाज टेम्पोत लागली. त्यांतल्या धडपड्यांनी पुढे एक सेकंडहँड लेथ घेतला, गाळा भाड्याने घेतला आणि "जॉबवर्क करून मिळेल" अशी पाटी लावली. पिंपरी-चिंचवडचं कारखान्यांचं शहर म्हणून जे नाव आहे, ते मोठ्या फाटकांइतकंच या पाट्यांनी कमावलेलं आहे. २००७ मध्ये बजाजचं आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबलं. कारण तंत्रज्ञानाचं कमी आणि करांच्या हिशेबाचं जास्त होतं. त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगरला करसवलतीच्या प्रदेशात नवा कारखाना सुरू झाला. स्वेच्छानिवृत्ती घेऊन माणसं घरी गेली. २००९ च्या सुमारास कंपनीने स्कूटर बनवणंच सोडलं. मग २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये चेतक हे नाव परत आलं, या वेळी बॅटरीवर, आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच विजेच्या चेतकचा कारखाना उभा राहिला. नाव परत आलं, पत्ताही परत आला. मधल्या काळात ज्यांनी लेथ भंगारात विकला, त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

एक गोष्ट इथे मान्य करायला हवी. गाळेवाल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं, म्हणजे माझंही, विजेच्या गाडीकडे फक्त संकट म्हणून पाहणं बरोबर नाही. इंजिन गेलं की पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, सायलेन्सर, क्लच जातात, हे खरं. पण जे राहतं आणि जे नव्याने येतं तेही कमी नाही. मोटरला शाफ्ट लागतो, बाहेरचं अॅल्युमिनियमचं कवच लागतं, वेग उतरवायला गिअर लागतात, बॅटरीखाली थंडाव्याची प्लेट लागते, तांब्याच्या पट्ट्या लागतात. गंमत अशी की यातलं काही काम जुन्यापेक्षा जास्त कसबाचं आहे. मोटारीचं पेट्रोल इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांच्या पुढे क्वचित जातं. विजेच्या गाडीची मोटर पंधरा हजारांपर्यंत फिरते. त्या वेगाला शाफ्टमधला काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बाकसुद्धा बेअरिंगला महागात पडतो. आणि गिअरचा आवाज झाकायला इंजिनाची घरघर उरलेली नसल्यामुळे दात जरा जरी ओबडधोबड असला तरी आत बसलेल्याला कूं ऐकू येतं. म्हणजे ज्याचा हात बारीक आहे, त्याला इथे भाव आहे. भोसरीत असे हात आहेत.

नाही ते मोजायचं यंत्र. गिअर तपासायचं, शाफ्टचा समतोल पाहायचं यंत्र एका गाळ्याला परवडत नाही, आणि त्याचा अहवाल जोडल्याशिवाय सॅम्पल कुणी हातात घेत नाही. प्रश्न इतका साधा आहे की त्यावर परिसंवाद होत नाहीत. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहनांच्या संशोधनाची आणि चाचणीची संस्था आहे, पण तिचं मुख्य काम मोठ्या कंपन्यांच्या गाड्या तपासण्याचं. चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे. लहान उद्योगांना सामायिक सुविधा मिळाव्यात म्हणूनच ते सार्वजनिक पैशातून उभं राहिलं. करोनाच्या काळात तिथे रुग्णालय झालं आणि त्याने शेकडो जीव वाचवले, त्याबद्दल त्या इमारतीचं ऋण मानावं तितकं कमी. पण एरवी शहराला ती आठवते प्रदर्शनांच्या सभागृहासाठी. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम पाहिलं तर सामायिक सुविधा म्हणजे काय असू शकतं याची कल्पना येते. वाळूजच्या कारखानदाराला विचारा, डाय करायला किंवा मशीनवर तयार पोरगा मिळवायला तो कुठे जातो. अशी केंद्रं भोसरी, चाकण आणि कोल्हापुरात हवीत, आणि ती २०३० च्या उद्दिष्टासाठी आहेत असं स्पष्ट लिहून हवीत. कोल्हापूरचं नाव मुद्दाम घेतो, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या इंजिन ब्लॉकच्या आणि सिलेंडर हेडच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ओतकामावर वाढल्या. विजेच्या गाडीला अॅल्युमिनियम लागतं. बिडाची भट्टी अॅल्युमिनियमकडे वळवणं हे साचा बदलण्याइतकं सोपं नसतं. तो जवळपास दुसरा धंदा आहे.

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. बघा, फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५,००० नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, म्हणजे विजेच्या नादी लागू नका, असं एक जण म्हणतो. त्या कराराचा दुसरा भाग तो सांगत नाही: तो कामगार संघटनेशी बसून झालेला करार आहे आणि सक्तीने कुणाला काढायचं नाही असं त्यात ठरलेलं आहे. तिथे २०२४ पासून कायद्यात अशी तरतूद आहे की कारखान्याचं काम बदलत असताना कामगार नवं शिकतो, तेव्हा त्याच्या बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी विम्यातून येतो. दुसरा माणूस नॉर्वेचं नाव घेतो, जिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळपास नऊ विजेच्या होत्या. नॉर्वेला गमवायला मोटार उद्योगच नव्हता, हे तोही सांगत नाही. आणि विजेची गाडी बनवली की कारखाना वाचतो, असंही नाही. ब्रसेल्सचा ऑडीचा कारखाना फक्त विजेच्या गाड्या बनवत होता, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडला आणि तीन हजारांच्या आसपास माणसं बाहेर आली.

आपल्याकडे तर कामगाराला धरून ठेवणारी दोरीच नाही. देशातल्या कारखान्यांत दर दहा कामगारांमागे चार कंत्राटी, वाहन उद्योगात त्याहून जास्त. त्यांना काढावं लागत नाही, कंत्राटाचं नूतनीकरण झालं नाही की झालं. माझ्या मित्राच्या चौदा माणसांपैकी कुणीही कुठल्याही सरकारी आकड्यात "विद्युतीकरणामुळे बाधित" म्हणून कधी येणार नाही. आला तर इतकंच येईल की गावाकडची जमीन कसायला परत गेला, किंवा चाकणच्या गोदामात पार्सलं चढवायला लागला.

यावर उपाय म्हणून हायब्रिडची शिफारस जोरात चालू असते. तीत इंजिनही असतं आणि मोटरही, त्यामुळे सुट्या भागांच्या उद्योगाला ती गोड वाटते. माझ्या मित्रालाही वाटते. माझा विरोध नाही, ग्राहकाला घ्यायची तर घेऊ द्या. पण तिला करसवलत देऊन आपण काय विकत घेतो? वेळ. त्या वेळात सामायिक यंत्रं बसणार असतील, ओतकाम बदलणार असेल, पोरं शिकणार असतील तर तो वेळ कामाचा. नुसतंच इंजिन आणखी आठ वर्षं जगवायचं, तर आठ वर्षांनी हाच लेख पुन्हा लिहावा लागेल आणि तेव्हा मित्राचं वय साठ असेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आखातातलं तेल सोडून आपण चीनच्या बॅटरीच्या आणि चुंबकांच्या हवाली होतोय. खरं आहे. बॅटरी हा गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही मोठा, आणि तिच्यातले सेल बहुतांश बाहेरून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि काही महिन्यांत विजेच्या चेतकचं उत्पादन अडखळलं. एक चुंबक आला नाही म्हणून अख्खी आकुर्डी थांबू शकते, हे त्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात कळलं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? जे बाहेरून आणावं लागतं ते देशात व्हायला वर्षं लागतील. तोवर गाडीतलं जे इथे होऊ शकतं, ते तरी इथल्या जास्तीत जास्त हातांनी व्हावं. शाफ्ट, कवच, गिअर, तांब्याच्या पट्ट्या यांना चीनचा परवाना लागत नाही.

आणि एक अट अशी आहे की तिला सरकारचा रुपयाही लागत नाही. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे. एप्रिल २०२४ पासून त्याला प्राप्तिकराचीही चिमटी लावली आहे. तरीही नव्वद दिवस, एकशेवीस दिवस हा साखळीच्या शेवटच्या टोकाचा रोजचा अनुभव आहे. तक्रार करता येते, पण ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याकडूनच पुढचं शेड्यूल यायचं असतं. मग प्रोत्साहनाचा हप्ता घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला विचारा की तुमच्या खालच्या दोन्ही पायऱ्यांवरची बिलं चुकती आहेत का. नसतील तर हप्ता थांबवा. ज्या सरकारला टोलनाक्यावर गाडी विजेची आहे की नाही हे नंबरपाटीवरून क्षणात ओळखता येतं, त्याला जीएसटीच्या बिलांवरून हे ओळखता येणार नाही, असं मला वाटत नाही.

परवा मित्राचा फोन आला. ड्रॉइंग आलंय. दुचाकीच्या मोटरचा शाफ्ट, वर्षाला चाळीस हजार नग. पार्ट त्याने पाहताक्षणी ओळखला, म्हणाला, "हा आपल्याला येतो." अडचण चौथ्या पानावर होती: समतोल आणि गोलाईचा अहवाल सॅम्पलसोबत जोडावा. बाहेरून करून घ्यायचा तर दर सॅम्पलमागे जेवढे मागतात, तेवढ्यात त्याच्याकडे एका कामगाराचा आठवड्याचा पगार निघतो. मशीन घ्यायचं तर तिसरं कर्ज. शिवाय वरच्या व्हेंडरकडे जुन्या शेड्यूलची तीन महिन्यांची बिलं अडकलेली. सॅम्पलला मुदत तीन आठवड्यांची दिली आहे. त्यातले तीन गुरुवार वजा.